फोटोतली काच आणि हातातली काच

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इसवी सनाच्या चौथ्या शतकातला एक रोमन चषक आहे. ‘लायकर्गस चषक’ या नावाने तो ओळखला जातो. समोरून उजेड पडला की त्याची काच शेवाळी हिरवी दिसते; उजेड मागून, आरपार आला की तीच काच माणकासारखी लाल होते. काचेत विखुरलेल्या सोन्या-चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची ही किमया आहे. पुस्तकांत या चषकाचे बहुधा दोन फोटो शेजारीशेजारी छापलेले असतात, एक हिरवा आणि एक लाल. एका फोटोत तो मावत नाही. खरे तर दोन फोटोंतही मावत नाही. कारण चषक उजेडासमोर फिरत असताना हिरव्याचा लाल होत जातो तो मधला प्रवास कोणत्याच फोटोत नसतो.

लायकर्गस चषक हे टोकाचे उदाहरण झाले. पण त्याचे लक्षण थोड्याफार फरकाने सगळ्याच काचेचे आहे. माती, लाकूड, कापड यांवर पडलेला प्रकाश बहुतांशी पृष्ठभागावरूनच परततो. काच प्रकाश आत घेते, वाकवते, रंगवते आणि पलीकडे सोडते. तिचे रूप तिच्या जागेवर, वेळेवर आणि पाहणाऱ्याच्या हालचालीवर ठरते. म्हणजे फोटोत पकडायला इतकी अवघड वस्तू कारागिरीच्या दुनियेत दुसरी क्वचितच असेल. आणि तरीही गेल्या साठ वर्षांत स्वतंत्र कारागिरांनी घडवलेली कलात्मक काच जगाने मुख्यतः पाहिली ती फोटोंतूनच.

या काचेचा, म्हणजे ‘स्टुडिओ ग्लास’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चळवळीचा इतिहास नेहमी भट्टीचा इतिहास म्हणून सांगितला जातो: काच कारखान्यातून सुटली, कलावंताच्या हातात आली, स्वतंत्र झाली. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे, की हा इतिहास अर्धाच आहे. उरलेला अर्धा कॅमेऱ्याचा आहे. कारखान्यातून सुटलेला कारागीर फोटोच्या हाती गेला. आणि फोटोला काय जमते व काय जमत नाही, यावरून कोणती काच मोठी ठरणार हे बऱ्याच अंशी ठरत गेले. फोटो हे यामागचे एकमेव कारण नव्हे, हे आधीच नोंदवतो. गॅलऱ्या, संग्राहक, विद्यापीठांतले कलाविभाग यांचाही वाटा मोठा आहे. पण त्या सगळ्यांनी ज्या एका खिडकीतून काच पाहिली त्या खिडकीकडे समीक्षेचे फारसे लक्ष गेलेले नाही.

१. गॅरेजमधली भट्टी

कुंभार चाकावर एकटा बसू शकतो, विणकर मागावर एकटा बसू शकतो. काचेचे तसे नव्हते. काचेची भट्टी दिवसरात्र पेटती ठेवावी लागते. फुंकनळीच्या टोकावरचा तापलेला गोळा सतत फिरवत ठेवला नाही तर ओघळतो, आणि पुन्हा आचेला धरला नाही तर बघता बघता ताठरतो. म्हणून एकाने फिरवायचे, दुसऱ्याने फुंकायचे, तिसऱ्याने पुढचा गोळा आणून द्यायचा, अशी ही टोळीची कला. एमिल गाले, लुई कम्फर्ट टिफनी, रने लालिक ही नावे आपण कलावंतांची म्हणून घेतो. पण तिघेही कारखान्यांचे किंवा मोठ्या कार्यशाळांचे धनी होते. त्यांच्या नावाने विकल्या गेलेल्या बहुतेक काचेला प्रत्यक्ष भट्टीपुढे घडवणारे हात दुसऱ्यांचे होते.

हे बदलण्याचा ठळक प्रयत्न अमेरिकेतल्या टोलिडो शहरात १९६२ साली झाला. हार्वी लिटलटन (१९२२–२०१३) विस्कॉन्सिन विद्यापीठात मातीकाम शिकवत. त्यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंगचा, म्हणजे काचेच्याच गावातला. वडील तिथल्या कारखान्यात भौतिकशास्त्रज्ञ होते आणि पायरेक्सच्या जन्मकथेत त्यांचे नाव येते. एकट्या कलावंताला आपल्या स्टुडिओत पेलेल अशी लहान भट्टी शक्य आहे का, हा लिटलटन यांचा प्रश्न होता. टोलिडो कलासंग्रहालयाच्या आवारातल्या एका गॅरेजमध्ये मार्च १९६२ मध्ये त्यांनी कार्यशाळा घेतली. सुरुवातीला काच नीट वितळेचना. तेव्हा डॉमिनिक लॅबिनो या काचतंतूंच्या उद्योगातल्या संशोधकाने एक तोड सुचवली: काचतंतू बनवण्यासाठी कारखान्यात तयार होणाऱ्या ४७५ क्रमांकाच्या काचेच्या गोट्याच वितळवा. तोड लागू पडली. फुंकनळी धरायची कशी हे दाखवायला लिबी कारखान्यातून निवृत्त झालेले हार्वी लीफग्रीन आले. जूनमध्ये दुसरी कार्यशाळा झाली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत काचेच्या भट्ट्या पेटल्या.

या कथेतला एक तपशील नेहमी कौतुकाने सांगितला जातो, पण त्याचा अर्थ लावला जात नाही. कारखान्यापासून स्वातंत्र्य घेणाऱ्या या भट्टीत पहिली काच कारखान्याची होती आणि पहिला शिक्षक कारखान्याचा निवृत्त कामगार होता. एकट्या कलावंताची प्रतिमा उभी राहिली ती दुसऱ्यांच्या ज्ञानावर. तंत्राला फार किंमत देऊ नये, अशा अर्थाचे लिटलटन यांचे एक विधान पुढे फार गाजले. कारागिरीच्या ओझ्याखालून कल्पनेला मोकळे करणे हा त्यामागचा हेतू होता हे खरे. पण तंत्र ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होते ते त्या विधानाने पुसले गेले, हेही खरे. १९७९ साली म्युरानोचे उस्ताद लीनो ताल्यापिएत्रा वॉशिंग्टन राज्यातल्या पिल्चक शाळेत शिकवायला गेले आणि आपल्या गावातल्यांची नाराजी पत्करून त्यांनी तिथली गुपिते अमेरिकन मुलांपुढे मांडली. त्यानंतर अमेरिकेतल्या काचेची जी नजाकत वाढली ती पाहता तंत्राचे मोल काय होते हे वेगळे सांगायला नको.

एकटा कारागीर आता काच करू शकत होता. पण ती पाहणार कोण? कारखान्याला स्वतःचे विक्रेते होते, दुकाने होती, सूचिपत्रे होती. गॅरेजमधल्या माणसाकडे एक कॅमेरा होता, किंवा कॅमेरावाल्या मित्राचा पत्ता होता.

२. काचेचा फोटो कसा काढतात

फोटोग्राफीच्या दृष्टीने काच ही जवळजवळ नसलेली वस्तू आहे. साध्या काचेच्या एका पृष्ठभागावर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के परततो, बाकीचा आत शिरतो. समोरून दिवा लावला तर दिसते ती काच नव्हे, दिव्याचे प्रतिबिंब. म्हणून काचेचा फोटो काढणारा काचेवर उजेड टाकत नाही. तो काचेच्या मागच्या जगावर उजेड टाकतो.

त्याच्या दोन प्रमुख रीती आहेत. पहिलीत मागचा पडदा उजळ ठेवतात आणि चौकटीबाहेर सगळे काळे करतात. मग काचेच्या कडा बाहेरचा काळोख उचलतात आणि वस्तू शाईने रेखल्यासारखी दिसते. दुसरीत उलट: मागे काळे आणि चौकटीबाहेर चहूबाजूंनी उजेड, मग कडा चांदीच्या तारेसारख्या चमकतात. तिसरी एक रीत कारागिरांच्या जगात इतकी रूढ झाली की तिचे एक घराणेच झाले: वर काळा आणि खाली येता येता पांढरा होत जाणारा उतरत्या छटांचा पडदा, त्यावर मधोमध एकच वस्तू, अधांतरी तरंगणारी. गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांतली हस्तकलेची अमेरिकन मासिके चाळली तर पानोपानी हा पडदा भेटतो.

तिन्ही रीतींत साम्य काय? तिन्हींत वस्तूची बाह्यरेषा ठळक होते. तिन्हींत मागून आलेल्या उजेडाने रंग पेटतो. तिन्हींत वस्तूला एक ‘समोर’ मिळतो. आणि तिन्हींत वस्तूच्या आसपासचे जग, म्हणजे टेबल, हात, खिडकी, शेजारची दुसरी वस्तू, नाहीसे होते. म्हणून आकारमानही नाहीसे होते. मुठीत मावणारा पेपरवेट आणि कमरेइतके उंच शिल्प एकाच मापाने पानावर बसतात.

फोटोत न येणाऱ्या गोष्टींची यादी याहून मोठी आहे. वजन येत नाही. ओठाला लागणारी कड येत नाही. तळ नीट घासला आहे की नाही, हे येत नाही. आवाज येत नाही. मराठी वाचकाला हे समजवायला परदेशी जायची गरज नाही. कासाराकडे बांगडी भरून घेताना ती डोळ्यांनी निवडली जाते खरी, पण पसंत पडते ती हातात चढल्यावर: माप, मनगटावरचे ओझे, दुसऱ्या बांगडीवर वाजणारा नाद. फुटली तर ‘वाढवली’ म्हणतो, इतकी ती शरीराशी जोडलेली असते. काचेचे हे स्पर्शाचे आणि नादाचे ज्ञान फोटोला अगम्य आहे.

आणखी एक गोष्ट फोटोत येत नाही, ती म्हणजे ताण. तापवलेली काच झटकन निवली तर बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर आकसू पाहतो आणि वस्तूच्या पोटात ताण साठतो. म्हणून साधी काच सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास धरून मग सावकाश निववावी लागते. पातळ पेल्याला काही तास पुरतात. जाड ओतीव शिल्पाला आठवडे, कधी महिनेही लागतात. दोन रंगांच्या काचा वेगवेगळ्या प्रमाणात आकसणाऱ्या असल्या तरीही तेच घडते. मणी करणाऱ्यांच्या मऊ काचेच्या कांड्यांवर १०४ आणि पत्रे जोडून वितळवणाऱ्यांच्या काचेवर ९० असे आकडे लिहिलेले असतात, ते या प्रसरणाचेच. या दोन काचा एकत्र वितळवल्या तर वस्तू त्या दिवशी सुंदर दिसेल, फोटोही सुंदर येईल, आणि पुढे कधीतरी कपाटात उभ्या उभ्या ती तडकेल.

यात एक गंमत आहे. काचेवरची चमक मारण्यासाठी फोटोग्राफर भिंगावर पोलरायझिंग फिल्टर चढवतो. असेच दोन फिल्टर एकमेकांना आडवे धरून त्यांच्यामध्ये काच ठेवली, तर आतला ताण पांढऱ्या किंवा रंगीत पट्ट्यांनी उजळून दिसतो. कारागीर आपली काच तपासतो ती अशीच. एकच साधन एकाच्या हातात वस्तूचे रूप सजवते आणि दुसऱ्याच्या हातात तिची खोड उघड करते. आजवरच्या काचेच्या समीक्षेने पहिला फिल्टर वापरला आहे, दुसरा नाही.

३. स्लाइडवरून निवड

फोटो हे केवळ जाहिरातीचे साधन राहिले असते, तर एवढे सांगण्याचे कारण नव्हते. पण तो परीक्षेचा कागद झाला.

कॉर्निंगच्या काचसंग्रहालयाने १९५९ साली समकालीन काचेचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरवले, तेव्हा त्यातल्या बहुतेक वस्तू कारखान्यांच्या होत्या: पेले, ताटल्या, फुलदाण्या. त्याच संग्रहालयाने १९७९ साली ‘न्यू ग्लास’ हे दुसरे जागतिक प्रदर्शन भरवले. या वेळी चित्र उलटे झाले होते. बहुतेक कृती एकेकट्या कलावंतांच्या होत्या आणि वापराची भांडी मागे पडली होती. वीस वर्षांत घडलेल्या क्रांतीचा पुरावा म्हणून ही तुलना अनेकदा दिली जाते. ती योग्यच आहे. पण १९७९ ची निवड परीक्षकांनी स्लाइड पाहून केली होती, ही बाब तळटीपेत राहते. १९८० पासून संग्रहालयाचा ‘न्यू ग्लास रिव्ह्यू’ हा वार्षिक अंक निघू लागला. जगभरच्या कारागिरांनी स्लाइड पाठवायच्या, परीक्षकांनी त्यांतून शंभर निवडायच्या आणि त्या छापायच्या. कितीतरी अनोळखी कारागिरांना या अंकाने जगापुढे आणले. टोकियोतल्या माणसाचे काम प्रागमधल्या माणसाला दिसले. हे ऋण नाकारता येणार नाही.

मात्र अंधाऱ्या खोलीत, पडद्यावर, मागून उजेड फेकून दाखवलेली स्लाइड म्हणजे काय? तीही एक रंगीत पारदर्शक फितच. ती रंगीत पारदर्शक वस्तूला विलक्षण दाद देते. दुधी, मातकट, जाड, अबोल काच तिथे फिकी पडते. हस्तकलेच्या जत्रांतही प्रवेश स्लाइडवरूनच मिळू लागला. तेव्हा गाळा मिळवायचा तर आधी स्लाइड जिंकायला हवी. जो कारागीर वर्षभर पाणी प्यायचे पेले करतो, त्याच्या पेल्याची खरी परीक्षा पाणी पिताना होते. ती परीक्षा घ्यायला कुणी बसलेच नव्हते.

या निकषाने कोणाचे नुकसान झाले हे पाहायला चेकोस्लोव्हाकियाच्या स्तानिस्लाव लिबेन्स्की आणि यारोस्लावा ब्रिख्तोवा या दांपत्याकडे वळावे. १९५८ च्या ब्रसेल्स जागतिक प्रदर्शनापासून त्यांची ओतीव काच नावाजली गेली. त्यांनी १९५० च्या दशकात केलेल्या काही मस्तकांत चेहरा पुढून कोरलेला नाही. तो काचेच्या ठोकळ्यात मागच्या बाजूने, खोलगट साच्यासारखा उतरवलेला आहे. समोर उभे राहिले की तो खोलगट चेहरा उठावदार भासतो, आणि आपण बाजूला सरकलो की तोही आपल्याबरोबर वळल्यासारखा वाटतो. त्यांच्या नंतरच्या भव्य शिल्पांत रंग एकच असतो. काच जाड तिथे तो गडद, पातळ तिथे फिका. चित्रकार रंग बदलून जे करतो ते हे दोघे जाडी बदलून करतात. दिवस चढतो-उतरतो तसे शिल्प बदलते. या कृतींचे फोटो सुंदर आहेत, पण ते खोटे नसले तरी गप्प आहेत. वळणारा चेहरा त्यांत वळत नाही. लिबेन्स्की-ब्रिख्तोवा थोर ठरले यात फोटोचे काही अडले नाही. त्यांच्यामागे सरकारी कारखाने, वास्तुरचना आणि जागतिक प्रदर्शने उभी होती. मात्र असा काही आधार नसलेल्या एकट्याने हेच काम केले असते आणि त्याची एक स्लाइड पाठवली असती, तर परीक्षकांना ती ‘काचेच्या ठोकळ्यातला एक चेहरा’ एवढीच दिसली असती.

४. चिहुली, किंवा फोटोचे पूर्णत्व

याच्या नेमके दुसऱ्या टोकाला डेल चिहुली आहेत. जन्म १९४१, लिटलटन यांचे विद्यार्थी, १९६८ साली म्युरानोच्या वेनिनी कारखान्यात राहून आलेले, १९७१ साली पिल्चक शाळेच्या संस्थापकांपैकी एक. १९७६ साली इंग्लंडमधल्या मोटार अपघातात त्यांचा डावा डोळा गेला, १९७९ साली खांद्याला इजा झाली आणि पुढे त्यांनी स्वतः नळी धरणे सोडले. त्यानंतर ते रंगांनी मोठी, झपाट्याची रेखाटने करीत आणि भट्टीपुढचा चमू त्यावरून काच घडवी. एकट्या कलावंताच्या नावाने सुरू झालेली चळवळ तिच्या सर्वांत प्रसिद्ध प्रतिनिधीच्या बाबतीत पुन्हा टोळीच्या कलेवर आली.

चिहुली यांच्यावर ‘स्वतः काच फुंकत नाहीत’ हा आरोप नेहमी होतो. मला तो उथळ वाटतो. व्हेनिसचा उस्तादही सगळे स्वतः करीत नसे. विचार करायचा तो वेगळ्या गोष्टीचा. काच कशी दिसेल याबरोबरच तिचा फोटो कसा दिसेल, याचा इतका पद्धतशीर विचार त्यांच्याआधी कुणी केला नव्हता. त्यांनी स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. आपल्या प्रत्येक मालिकेची, प्रत्येक प्रकल्पाची देखणी पुस्तके आणि चित्रफिती काढल्या. १९९६ साली व्हेनिसच्या कालव्यांवर आणि चौकांत त्यांनी प्रचंड झुंबरे टांगली. त्यांची काच फिनलंड, आयर्लंड आणि मेक्सिकोतल्या कारखान्यांत घडवली गेली होती आणि त्या सगळ्या प्रवासाचा चित्रपट झाला. झुंबरे काही दिवसांनी उतरली, फोटो राहिले. जगाने तो प्रकल्प पाहिला तो फोटोंतून. आणि तो घडवलाही गेला फोटोसाठीच, असे म्हटले तर अन्याय होणार नाही.

त्यांची ‘पर्शियन छते’ या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. वर सपाट काचेचा पत्रा, त्यावर रंगीत काचेच्या शेकडो लाटा आणि फुले पसरलेली, त्यांच्याही वर दिवे. प्रेक्षक खालून मान वर करून पाहतो. मागून उजेड, मध्ये रंगीत पारदर्शक थर, समोर अंधारात प्रेक्षक. ही रचना स्लाइडची आहे. परीक्षकांच्या खोलीत जे चार इंचांत घडत होते ते इथे खोलीएवढे झाले. म्हणूनच या छताचा कुणीही, कशाही फोनवर काढलेला फोटो चांगलाच येतो. मला हे छत आनंददायक वाटते, पण त्याचा आनंद पहिल्या क्षणी संपूर्ण मिळतो. दुसऱ्यांदा पाहायला त्यात काही शिल्लक राहत नाही. लिबेन्स्कींच्या लाल काचेपुढे सकाळी आणि संध्याकाळी दोनदा जावे लागेल. चिहुलींच्या छताखाली वेळ कोणतीही चालते, कारण तिथला सूर्य विजेचा आहे. माझ्या मते दोघांतला गुणात्मक फरक इथे आहे, आणि फोटो पाहून तो कधीच ठरवता येणार नाही.

५. जेलीफिशचा खटला

चिहुलींजवळ प्रकाशनसंस्था होती. साध्या स्वतंत्र कारागिराचे काय होते, हे सांगणारा एक दस्तऐवज अमेरिकन न्यायालयाच्या दप्तरात आहे. कॅलिफोर्नियातले काचकारागीर रिचर्ड सटावा यांनी मत्स्यालयात जेलीफिश पाहिले आणि १९९० च्या सुमारास स्वच्छ काचेच्या उभ्या, गोल माथ्याच्या ठोकळ्यात रंगीत जेलीफिश तरंगतो आहे अशी शिल्पे विकायला सुरुवात केली. हवाईतल्या दुसऱ्या एका कारागिराची शिल्पे तशीच दिसू लागली. खटला झाला. त्या दुसऱ्या कारागिराने मान्य केले की त्याने १९९६ साली ‘अमेरिकन क्राफ्ट’ मासिकात सटावा यांच्या जेलीफिशचा फोटो पाहिला होता, आणि पुढच्या वर्षी एका ग्राहकाने दुरुस्तीला आणलेले एक शिल्प हाताळलेही होते. खालच्या न्यायालयाने सटावा यांच्या बाजूने मनाई हुकूम दिला. २००३ साली अपील न्यायालयाने तो उलटवला. जेलीफिश निसर्गाने दिलेला आहे, काचेत काच बंद करण्याचे तंत्र जुने आहे, उभा आकार आणि स्वच्छ काच ही त्या विषयाची स्वाभाविक गरज आहे. यांवर एकाची मालकी चालणार नाही, जवळजवळ तंतोतंत नक्कल असेल तरच दाद मागता येईल, असा त्या निकालाचा आशय.

निकाल कायद्याच्या दृष्टीने योग्य असेल. कल्पना कुणाच्या खाजगी मालकीची नसावी हे तत्त्व मलाही पटते. पण कारागिराच्या बाजूने पाहिले तर पेच उघड आहे. फोटो छापला नाही तर काम कुणाला कळणार नाही. छापला तर कामातला जो भाग फोटोत येतो, म्हणजे विषय, बाह्यरेषा आणि रंग, तो सर्वांचा होतो. कारागिराचा खरा ऐवज असतो तो फोटोत न येणाऱ्या भागात: गोळा कोणत्या क्षणी उचलला, शुंडकांची काच किती गरम असताना ओढली, किती सावकाश निववली. या ऐवजाची ओळख ग्राहकाला कोण करून देणार? फोटो देत नाही, कायदा देत नाही. ते काम समीक्षेचे होते.

समीक्षा नसेल तर ती जागा चलतचित्र घेते. हल्ली कारागीर तयार वस्तूपेक्षा करतानाची दृश्ये अधिक दाखवतात: नारिंगी लवलवता गोळा, कात्रीने कापलेली मऊ काच. २०१९ साली आलेल्या ‘ब्लोन अवे’ या मालिकेने तर काच फुंकण्याची स्पर्धाच घरोघरी नेली. फोटोपेक्षा यात प्रामाणिकपणा जास्त आहे, कारण टोळीचे हात दिसतात, फुटलेली वस्तूही दिसते. पण इथेही जे दिसते ते तापलेल्या काचेचे नाट्य. रात्रभर बंद पेटीत मुकाट निवणे, दुसऱ्या दिवशीचे घासणे, तळाला हात फिरवून पाहणे यांत पाहण्यासारखे काहीच नसते. वस्तू मात्र त्यावरच टिकते.

६. नाव कोणाचे

इथवरच्या विवेचनावरून फोटो हाच खलनायक असा समज होऊ शकेल. तो दूर करायला आपल्याकडे पाहावे लागेल. उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादला काचेच्या बांगड्या घडतात, पुर्दिलनगरला मणी घडतात. आंध्रातल्या पापानायडूपेटला लांब नळी ओढून बारीक मणी करण्याची जुनी रीत टिकून राहिली. या गावांतली काच जगभर गेली. तिथल्या एकाही कारागिराचे नाव सामान्य वाचकाला सांगता येणार नाही. त्यांच्या वस्तूखाली नाव छापले गेले नाही, कारण मुळात त्यांची वस्तू एकटी, मधोमध ठेवून, कुणी छापलीच नाही. ती डझनाने मोजली गेली.

महाराष्ट्राचा काचेशी आलेला संबंधही कारखान्याचाच. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तो चालवला आणि तिथे शिकलेली माणसे देशभर पांगली. पुढे कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला ओगले काच कारखाना आला आणि त्याचा प्रभाकर कंदील घराघरांत लागला. दोन्हींच्या इतिहासात संस्थापकांची नावे आदराने घेतली जातात, घ्यायलाच हवीत. पण कंदिलाची काच फुंकणाऱ्याचे नाव आपल्याकडे नाही. स्वदेशीच्या भाषेत काच ही राष्ट्राची होती, कारखान्याची होती, करणाऱ्याची नव्हती.

याच्याशेजारी न्यू जर्सीतल्या पॉल स्टँकार्ड (जन्म १९४३) यांना ठेवून पाहावे. तेही कारखान्यातलेच: प्रयोगशाळांसाठी काचेच्या नळ्या जोडणारे कामगार. घरी बर्नरच्या झोतावर ते काचेची रानफुले करू लागले आणि ती स्वच्छ काचेच्या पेपरवेटमध्ये बंद करू लागले. अटलांटिक सिटीतल्या एका जत्रेत त्यांचे काम एका कलाविक्रेत्याच्या नजरेस पडले आणि १९७२ पासून ते पूर्ण वेळ याच कामात उतरले. त्यांची फुले, मधमाश्या, मुळांत दडलेल्या इवल्या मानवाकृती आज संग्रहालयांत आहेत. पेपरवेटचा गोल माथा हेच एक भिंग असते. तो हातात फिरवला की फूल मोठे होते, लहान होते, कडेला जाऊन अदृश्य होते. छापील फोटोत हा खेळ नाही. पण तो फोटो नसता तर हातातल्या खेळापर्यंत कुणी पोचलेही नसते. फिरोजाबादचा झोतावर काम करणारा कारागीर आणि स्टँकार्ड यांच्यात कौशल्याचे अंतर असेल किंवा नसेल. नावाचे अंतर आहे हे नक्की, आणि ते बऱ्याच अंशी फोटोने पाडलेले आहे.

७. समीक्षेने काय मागावे

म्हणून फोटो टाळा, असा उपदेश इथे करायचा नाही. स्वतंत्र कारागिराला तो परवडणार नाही. प्रश्न फोटो पाहणाऱ्यांचा आहे, त्यातही लिहिणाऱ्यांचा. काचेवर लिहिताना आपण रंग, आकार आणि ‘प्रकाशाचा खेळ’ या तीन शब्दांवर थांबतो. हे तीन शब्द फोटोनेच आपल्याला दिलेले आहेत.

याहून वेगळे प्रश्न विचारता येतात आणि ते विचारायला भट्टीपुढे जन्म घालवावा लागत नाही. वस्तू किती मोठी, किती जड? तिला किती बाजू आहेत, आणि मागची बाजू पुढच्या बाजूशी काय बोलते? खिडकीतल्या उजेडात आणि ट्यूबलाइटखाली ती सारखीच दिसते का? निओडिमियम घातलेली काच दिवसा जांभळट आणि ट्यूबलाइटखाली निळसर होते. तिचा ‘खरा’ रंग कोणता? वस्तू वापराची असेल तर वापरून काय वाटले? ती कोणी फुंकली, कोणी घासली, आणि नावाच्या पाटीवर त्यांतले किती जण आहेत? संग्रहालयांनी आणि मासिकांनीही एवढे करायला हरकत नाही: एक फोटो मागून उजेड टाकून, एक समोरून, आणि एक हातात धरलेल्या वस्तूचा. लायकर्गस चषकाला जो न्याय मिळतो तो आजच्या कारागिराच्या पेल्यालाही मिळावा.

टोलिडोच्या गॅरेजमध्ये एकट्या माणसाला काच करता येते हे सिद्ध झाले, त्याला साठ वर्षे उलटली. त्या काचेचे मोल ठरवण्याचे काम मात्र आपण अजून पडद्यावर सोपवले आहे. आपल्याकडे तर फोटोने नाव देण्याचे कामही पुरते झालेले नाही. फिरोजाबादच्या किंवा पुर्दिलनगरच्या कारागिराचा फोटो जेव्हा केव्हा छापला जाईल तेव्हा त्याखाली त्याचे नाव असावे, आणि ती काच हातात घेऊन कुणीतरी चार ओळी लिहिलेल्या असाव्यात. पहिली गोष्ट छापणाऱ्याच्या हातात आहे, दुसरी लिहिणाऱ्याच्या.